शेततळ्यात नॅनो सिल्व्हर टाकू का? आधी पाणी कसलं आहे ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदापूर भागातले एक दादा, शेततळ्यात रोहू-कटला-मृगळ सोडलेत, शिवाय घराशेजारी दहा हजार लिटरची बायोफ्लॉकची (जिवाणूंच्या मदतीनं पाणी राखून मासे वाढवायची) टाकी, त्यात तिलापिया. पाऊस सरल्यावर रोहूच्या अंगावर लाल चट्टे दिसायला लागले, औषधवाल्याकडं गेले तर त्यानं 'नॅनो सिल्व्हर'ची लिटरची बाटली हातात दिली. तळ्यात एक लिटर, टाकीत शंभर मिली, दर आठवड्याला. वर सांगितलं की यात केमिकल काही नाही, चांदीच आहे, फिल्टरमधून माणसंसुद्धा पितात. मुलगी झूऑलॉजीत एमएस्सी करते, ती म्हणते नॅनोकण माशांना विषारी असतात, टाकायचं नाही म्हणजे नाही. बापलेकीत वाद लागलाय, कोण बरोबर?

दादा, मुलगी बरोबर आहे, पण तिनं दिलेलं कारण अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं समजून घेतलं तर उद्या दुसरा कोणी नॅनो कॉपर घेऊन दारात आला तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल. म्हणून जरा लांबण लावतो. माझी निम्मी नोकरी काचेच्या टाक्यांसमोर उभं राहून मासे मोजण्यात गेलीय, कुठला धातू किती टाकला की किती तासात काय होतं हे बघत, त्यामुळं मोजूनमापून बोलायची सवय लागलीय, कंटाळा आला तर शेवटून तिसऱ्या परिच्छेदाला जा, तिथं काय करायचं ते लिहिलंय.

आधी ते 'माणसं पितात' प्रकरण. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० पीपीबी. आता अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा गोड्या पाण्यातल्या जिवांसाठीचा निकष बघा, कठीणपणा (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप) १०० असलेल्या पाण्यात चांदी ३.२ पीपीबीच्या वर थोडा वेळसुद्धा जाऊ नये असा आहे. म्हणजे माणसाला जे चालतं त्याच्या तिसाव्या हिश्श्यालाच माशांना, पाणपिसवांना (डॅफ्निया, पाण्यातले पिसवेएवढे बारीक जीव) धोका सुरू होतो. जस्ताचं तर अजून मजेशीर, आपल्या प्यायच्या पाण्यात ५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि जलचरांसाठी तोच निकष ०.१२ मिलिग्रॅम आहे. कारण सरळ आहे, आपण पाणी पितो ते पोटात जातं, तिथं आम्ल आहे, अन्न आहे, आतड्याचा जाड पडदा आहे. मासा पाण्यात श्वास घेतो. त्याचे कल्ले म्हणजे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये एक-दोन पेशींचा पापुद्रा, आणि तो दिवसरात्र पाण्यात उघडा. तेव्हा 'माणसाला चालतं' हे वाक्य दुकानात ऐकलं की तिथंच सावध व्हायचं.

आता तुमच्या बाटलीचा हिशोब करू. लेबलवर ५००० पीपीएम लिहिलंय असं तुम्ही सांगताय, ते खरं धरू (खरं असेलच असं नाही, पण धरू). म्हणजे लिटरच्या बाटलीत ५ ग्रॅम चांदी. तळं ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, बाजू उताराच्या, म्हणजे पूर्ण भरलं तर साधारण २० लाख लिटर पाणी. १ पीपीबी म्हणजे हजार लिटरमध्ये एक मिलिग्रॅम, तेव्हा ५ ग्रॅम टाकले की तळ्यात २.५ पीपीबी झाली. काठावर आहे, एका डोसला बहुतेक काही दिसणार नाही, म्हणूनच दुकानदार म्हणतो 'कित्येकांनी वापरलंय, काही होत नाही'. पण टाकी बघा. शंभर मिलीत अर्धा ग्रॅम चांदी, पाणी दहा हजार लिटर, झाली ५० पीपीबी. तळ्याच्या वीस पट! एकाच बाटलीवर, एकाच दुकानदाराच्या तोंडून आलेले दोन डोस, आणि दोघांत वीस पटीचा फरक. यावरून समजा की डोस कुणी मोजून काढलेलाच नाही, झाकणाच्या मापानं ठरवलाय. आणि दर आठवड्याला म्हणजे महिन्याला चार वेळा, पाणी बदललं नाही तर थर चढत जाणार.

चांदी माशाला मारते कशी ते सांगतो, कारण यात नॅनोचा काही संबंध नाही, हे १९९० च्या दशकातच रेनबो ट्राउटवर नीट उलगडलं होतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात मीठ भरपूर, बाहेरच्या पाण्यात कितीतरी पटीनं कमी. त्यामुळं मीठ सारखं बाहेर झिरपत असतं आणि मासा ते कल्ल्यांमधल्या खास पेशींनी पाण्यातून परत आत ओढत असतो, चोवीस तास, विहिरीवरच्या मोटरसारखं. चांदीचा आयन (पाण्यात विरघळलेला, विद्युतभार असलेला चांदीचा अणू) नेमका त्या मोटरला जाऊन चिकटतो, सोडियम-पोटॅशियमचा पंप चालवणारं एन्झाइमच बंद पडतं. आता मीठ बाहेर जातंय पण आत येत नाही. रक्तातलं सोडियम, क्लोराइड उतरतं, पाणी पेशींमध्ये शिरतं, रक्त दाट होतं, हृदयावर ताण येतो आणि मासा मरतो. जखम नाही, रक्त नाही, अंगावर काही नाही. मऊ पाण्यात रेनबो ट्राउटचे निम्मे मासे ९६ तासात मारायला आयनरूपी चांदी काही दहा पीपीबीच्या आसपास पुरते. रोहू, तिलापिया जरा दणकट मासे आहेत, पण मोटर तीच आहे.

मग नॅनो कुठं आलं? नॅनोकण म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचा कण, आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो त्यावरून अंदाज घ्या. खडीसाखर आणि पिठीसाखर दोन्ही साखरच, पण पिठीसाखर चमचा फिरवायच्या आत विरघळते. कारण तेवढ्याच वजनात बाहेरून पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त. १० मायक्रॉनचा कण फोडून १० नॅनोमीटरचे केले तर तेवढ्याच वजनाला पृष्ठभाग हजार पट होतो. चांदीचं नाणं तळ्यात टाकलं तर वर्षानुवर्षं काही होणार नाही, तीच चांदी नॅनो करून टाकली की दिवसागणिक आयन सोडत राहते. म्हणजे नॅनो सिल्व्हर ही एका अर्थानं हळूहळू सुटणारी गोळी आहे. गंमत म्हणजे वजनाला वजन लावलं तर सिल्व्हर नायट्रेट बहुतेक वेळा नॅनो सिल्व्हरपेक्षा जास्त विषारी निघतं, कारण त्यातली सगळी चांदी पहिल्या मिनिटापासून आयन आहे. हे सांगितलं की लोक म्हणतात मग नॅनो सुरक्षित झालं की! तसं नाही. नायट्रेट पहिल्या दिवशी मारतं आणि पाण्यातल्या मिठाशी, गाळाशी बांधलं जाऊन संपतं, कण मात्र कल्ल्याच्या चिकट स्रावात अडकून बसतात, पोटात जातात, तिथं आत बसून आयन सोडतात. तांब्याच्या नॅनोकणांवर झेब्राफिशमध्ये झालेलं २००७ चं काम आहे, त्यात ४८ तासांत निम्मे मासे मरायला लिटरला १.५ मिलिग्रॅम लागले आणि कल्ल्यांची जी नासाडी दिसली ती पाण्यात विरघळलेल्या तांब्यावरून पूर्ण समजावता येत नव्हती. कणाचा स्वतःचा काही वाटा आहेच. किती, हे धातू बघून, कणावरचा लेप बघून बदलतं.

आता मुख्य गोष्ट, आणि तुमच्या मुलीनं हे वाचावंच. तोच कण, तीच बाटली, पाणी बदललं की निकाल बदलतो. माझ्याकडं एकदा एका विद्यार्थ्यानं चांदीची चाचणी लावली, निम्म्या टाक्यांना आरओच्या पाण्यात मोजके क्षार घालून केलेलं पाणी होतं आणि उरलेल्या निम्म्यांना ते पाणी कमी पडलं म्हणून त्यानं मागच्या जुन्या तळ्याचं हिरवट पाणी गाळून भरलं, मला न सांगता. दुसऱ्या दिवशी सकाळी आरओवाल्या टाक्यांत मासे तळाला आडवे आणि तळ्याच्या पाण्यातले खायला मागत होते. आधी वाटलं डोस चुकला. डोस बरोबर होता. तळ्याच्या पाण्यातला कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अर्क, ते चहासारखं पिवळट पाणी असतं ना, त्यानं चांदी धरून ठेवली होती. पोरावर चिडलो होतो पण खरं सांगायचं तर त्या चुकीच्या प्रयोगानं बाकीच्या वर्षभरापेक्षा जास्त शिकवलं.

चांदी कशाकशाला बांधली जाते तर क्लोराइडला, अशा सेंद्रिय अर्काला, आणि सगळ्यात घट्ट गंधकाला. तळाचा काळा गाळ, सडक्या अंड्याच्या वासाचा, त्यात सल्फाइड असतं, चांदी त्यात गेली की सिल्व्हर सल्फाइड होते आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. सांडपाण्याच्या प्लांटमध्येही हेच होतं, नॅनो सिल्व्हर आत गेलं तरी बाहेर पडेपर्यंत बरंचसं सल्फाइड झालेलं असतं. म्हणून जुन्या, गाळ साठलेल्या गावतळ्यात चांदी टाकली तर ती बरीचशी वाया जाते, मासेही वाचतात आणि रोगजंतूही वाचतात, फक्त तुमचे पैसे जातात. पण तुमचं शेततळं तसं नाही दादा. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, गाळ नाही, पालापाचोळा नाही, आणि पाऊस सरल्यावर त्यात निम्मंअर्धं पावसाचं मऊ पाणी. क्लोराइड कमी, सेंद्रिय अर्क कमी, सल्फाइड नाही. चांदीला बांधून ठेवणारं कोणीच नाही तिथं. माझ्या लॅबमधल्या त्या आरओच्या टाकीला आपल्याकडं सगळ्यात जवळचं काय असेल तर कागद अंथरलेलं, नुकतं भरलेलं शेततळं. मला हे फार दिवस जाणवत होतं पण बोलायला प्रसंग आला नव्हता.

जस्त आणि तांब्याला वेगळे नियम, त्यांना पाण्याचा कठीणपणा वाचवतो, कॅल्शियम कल्ल्यावरची जागा आधीच अडवून बसतं. आणि त्यांचा पीएचशी संबंध आहे, पीएच उतरला की झिंक ऑक्साइड, कॉपर ऑक्साइड भराभर विरघळतं. तळ्याचा पीएच दुपारी नऊ आणि पहाटे सात-साडेसात असा रोज झोके घेत असतो, म्हणजे दुपारी केलेली तपासणी पहाटेचं काही सांगत नाही. झिंक ऑक्साइडचं एक काम मला आवडतं, २००७ चं, गोड्या पाण्यातल्या शेवाळावर. नॅनो झिंक ऑक्साइड, साधं झिंक ऑक्साइड आणि पाण्यात विरघळलेलं झिंक क्लोराइड, तिन्ही शेजारीशेजारी लावून बघितले, तिन्हींचा परिणाम जवळपास सारखा, लिटरला ६० मायक्रोग्रॅम जस्ताच्या आसपास ७२ तासांत शेवाळाची वाढ निम्म्यावर. नॅनो असल्यानं वेगळं काही झालं नाही, विरघळलेल्या जस्तानंच काम केलं. शेतात मारायची नॅनो झिंक, नॅनो कॉपरची फवारणी असते ना, तिचा पंप तळ्यात धुऊ नका एवढंच यातून घ्या.

टायटॅनियम डायऑक्साइडचं प्रकरण निराळं, तो विरघळत नाही, अंधाऱ्या लॅबमध्ये तो बराच निरुपद्रवी दिसतो. पण ऊन पडलं की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात, आणि उन्हासारख्या दिव्याखाली पाणपिसवा आणि मेडाका मासा या दोघांवर त्याची विषारीता कितीतरी वाढलेली दिसलीय. आपल्याकडच्या उन्हाचं मी वेगळं सांगायला नको. शिवाय पाणपिसवेच्या अंगावर या कणांचं पुटं चढतं आणि तिला कात टाकता येत नाही, कात अडकली की मेली. पाणपिसवा मेल्या तर तुमच्या कटल्याला फरक पडतो, कारण कटला वरच्या थरातले हेच बारीक जीव खाऊन वाढतो.

बरं, टाकीकडं परत येऊ, कारण माझा खरा जीव तिथं अडकलाय. बायोफ्लॉक म्हणजे काय, जिवाणूंच्या जिवावर चाललेला संसार. माशाची विष्ठा, उरलेलं खाद्य यातून अमोनिया होतो, काही जिवाणू तो सरळ खाऊन फ्लॉक, म्हणजे पाण्यात तरंगणारे जिवाणूंचे पुंजके, करतात, काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करतात. हे नायट्रिफाय करणारे जिवाणू हळू वाढणारे आणि नाजूक, आणि चांदीला सगळ्यात आधी तेच बळी पडतात, हे सांडपाण्याच्या प्लांटमधल्या जिवाणूंवर नीट दाखवलेलं आहे. चांदी जिवाणू मारते म्हणूनच तर विकली जाते! तिला तुमचा जिवाणू आणि रोगाचा जिवाणू यातला फरक कळत नाही. फ्लॉकमध्ये सेंद्रिय पदार्थ भरपूर, त्यामुळं ५० पीपीबीतली बरीच चांदी फ्लॉकला चिकटेल आणि मासे पहिल्या दिवशी कदाचित मरणारही नाहीत, तुम्हाला वाटेल औषध मानवलं. मग चार-सहा दिवसांनी फ्लॉक बसायला लागतो, पाणी निवळतं, सगळे खूश, आणि अमोनिया चढायला लागलेला असतो. तिलापिया तोच फ्लॉक खातो, म्हणजे चिकटलेली चांदी पोटातही गेली. मी अशा दोन टाक्या बघितल्यात, दोन्ही वेळा मालक म्हणाला अमोनियानं मासे मेले, औषधाचं नावही घेतलं नाही, कारण औषध टाकून आठवडा झाला होता. बाटली कुठं पडलीय ते मी शोधलं तेव्हा कळलं.

मासे मरत नाहीत म्हणजे त्रास नाही असंही धरू नका. युरोपातल्या पर्च माशावर नॅनो सिल्व्हरचं काम झालंय, चांदीच्या पाण्यात राहिलेल्या माशाला कमी ऑक्सिजन झेपेनासा होतो. कल्ल्यावर स्राव साठतो, पापुद्रे सुजून एकमेकांना चिकटतात, श्वास घ्यायची जागाच कमी होते. लॅबमध्ये हवेचा पंप चालू असतो तेव्हा कळत नाही. तुमच्या तळ्यात पहाटे चार-पाचला ऑक्सिजन तळ गाठतो, त्या वेळी मासे वर येऊन तोंड मारायला लागतात हे तुम्ही पाहिलंच असेल. एरवी मासा जी पहाट निभावून नेतो ती चांदी खाल्लेला मासा निभावून नेणार नाही, आणि दोष लाइटीला जाईल की रात्री लाइट गेली, एरेटर बंद पडला. तांब्याचं अजून वेगळं, ते नाकावर जातं, वास घेणाऱ्या पेशी अगदी थोड्या पीपीबीला बधिर होतात. माशाला खाद्याचा वास येत नाही, शेजारचा मासा जखमी झाला तर त्याच्या कातडीतून सुटणारा धोक्याचा वास येत नाही. असा मासा जिवंत आहे, पोहतोय, आणि पहिल्या खंड्याच्या चोचीत जाणार.

अंड्यांचं थोडं सांगतो, मत्स्यबीज केंद्रवाल्यांसाठी. झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला बारीक पट्ट्यापट्ट्यांचा मासा, हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या माशांमध्ये नोंदवलेला, आता जगभरच्या लॅबमध्ये आहे आणि आपल्याकडं ओढ्यात दिसला तर कोणी ओळखत नाही. त्याचं अंडं पारदर्शक असतं म्हणून आत काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकातून सरळ दिसतं. अंड्याच्या कवचाला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासची छिद्रं असतात, चांदीचे कण त्यातून आत जाताना २००७ मध्ये थेट बघितलेत. आत गेल्यावर हृदयाभोवती पाणी साठणं, ठोके मंदावणं, पाठ वाकडी होणं, उशिरा फुटणं. कोळंबीच्या हॅचरीत धातू बांधून ठेवायला ईडीटीए टाकतात ते उगाच नाही, जिरे (अंड्यातून नुकतीच फुटलेली पिल्लं) आणि त्याच्या आधीच्या अवस्था धातूला फार हळव्या.

कोणी म्हणेल हे सगळं काचेच्या टाकीतलं, खऱ्या पाण्यात काय? एक मोठा प्रयोग झालाय. कॅनडात ऑन्टारिओमध्ये प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत, त्यातल्या २२२ नंबरच्या तळ्यात २०१४ आणि २०१५ या दोन उन्हाळ्यांत मुद्दाम नॅनो सिल्व्हर सोडत राहिले, पाण्यात काही पीपीबी राहील इतकं. मासे पटापट मरून तरंगले असं काही झालं नाही. पण यलो पर्च मासे कमी खायला लागले, त्यांची संख्या घसरली, कल्ल्यात आणि यकृतात चांदी सापडली. पर्च खाणाऱ्या पाईक माशाच्या यकृतातही सापडली, आणि सोडणं बंद केल्यावरही रेंगाळली. मला हा प्रयोग लॅबच्या शंभर पेपरांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण तिथं ऊन, गाळ, शेवाळ, थंडी सगळं होतं आणि तरी परिणाम दिसला, फक्त तो एका दिवसात दिसणारा नव्हता. मात्र एक लक्षात घ्या, एरवी नद्यांमध्ये नॅनो सिल्व्हर याच्या हजाराव्या भागात, म्हणजे लिटरला नॅनोग्रॅमच्या हिशोबात असतं. त्यामुळं 'नॅनोकणांनी नद्यांतले मासे संपले' असं कोणी लिहिलं तर तेही मला पटत नाही, आपल्या नद्यांतले मासे मारायला साधं सांडपाणी पुरतंय. भीमेचं पाणी उजनीत काय घेऊन येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

खाडीचं एका वाक्यात, खाऱ्या पाण्यात हे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात, म्हणजे वरच्या माशापेक्षा चिखलातल्या शिंपल्या (तिसऱ्या) आणि खडकावरची कालवं यांच्या वाट्याला जास्त येतात, कारण ते पाणी गाळूनच जगतात.

आता मुलीशी दोन शब्द. बाळ, तू पेपर वाचत असशील तर आधी कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी लावलेल्या टाक्या, बघ. फक्त साधं पाणी विरुद्ध नॅनोकण असा पेपर असेल तर बाजूला ठेव. तेवढेच आयन सोडणारं सिल्व्हर नायट्रेट वेगळं लावलंय का, कण टिकवायला वापरलेलं सायट्रेट किंवा पीव्हीपी नुसतं वेगळं लावलंय का, आणि पाण्यातली चांदी टाकली तेवढी लिहिलीय की रोज मोजलीय? टाकलेली आणि उरलेली यात दुसऱ्या दिवशीच मोठा फरक पडतो, निम्मी टाकीच्या काचेला चिकटलेली असते. हे चोचले वाटतील म्हणून एक घडलेलं सांगतो. २००४ मध्ये कार्बनच्या फुलेरीन कणांनी बास माशाच्या मेंदूत नासाडी होते असं छापून आलं, जगभर गाजलं. २००७ मध्ये दुसऱ्यांनी झेब्राफिशच्या पिल्लांवर तपासलं तर विषारीपणा दिसला तो कणांचा नव्हता, कण पाण्यात मिसळायला जे टीएचएफ द्रावक वापरायचे त्याच्यापासून तयार झालेल्या पदार्थाचा होता. आणि आपल्या कॉलेजांत जे चाललंय, कडुनिंबाच्या पानांपासून, तुळशीपासून 'ग्रीन' नॅनो सिल्व्हर, म्हणून ते निसर्गाला सुरक्षित, हे कृपा करून मनातून काढ. पानांच्या रसानं फक्त चांदीचा कण घडवायला मदत केली, आतली चांदी ती चांदीच, कल्ल्याला ती कुठल्या पानातून आली ते कळत नाही. प्रोजेक्ट करायचाच असेल तर माझा सल्ला असा, वडिलांच्या शेततळ्याचं पाणी, गावतळ्याचं पाणी आणि बोअरचं पाणी, तीन पाण्यांत एकच डोस, आणि मोठे मासे न मारता पाणपिसवांवर ४८ तास. तेवढ्यात जे दिसेल ते कुठल्याही तयार विषयापेक्षा चांगलं असेल. आधी गाईडला आणि कॉलेजच्या समितीला विचार.

नॅनो म्हणजे सगळंच वाईट असं माझं म्हणणं नाही हेही सांगून टाकतो. तुमच्याच शेजारी, बारामतीच्या अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत पंगॅशियस माशांना खाद्यातून अगदी थोडं नॅनो सेलेनियम, नॅनो झिंक देऊन प्रयोग झालेत, तिथं मासा ताण जास्त सहन करतो असं दिसलंय. मात्रा अन्नातली, मोजलेली, आणि शरीराला लागणाऱ्या घटकाची. चांदी माशाच्या शरीराला लागतच नाही. पाण्याच्या फिल्टरचंही तसंच, २००९ मध्ये टाटांचा जो स्वस्तातला फिल्टर आला त्यात भाताच्या तुसाच्या राखेवर नॅनो चांदी बसवलेली होती, त्यामागचं काम पुण्यातल्याच संशोधन केंद्रातलं. पण तिथं चांदी राखेला धरून बसलेली असते आणि पाणी तिच्यावरून जातं, चांदी पाण्यात ओतत नाहीत. दुकानदारानं या दोन गोष्टी एकत्र कालवल्या.

तर आता करायचं काय. पाऊस सरून थंडी पडायला लागली की रोहूवर लाल चट्टे, पुढं जखमा, हे बहुतेक वेळा ईयूएस, लाल चट्ट्यांचा रोग, नाहीतर माशांच्या उवा चावून झालेल्या जखमा. पाच-सहा मासे पकडून अंग नीट बघा, चपट्या, फिरणाऱ्या, मसुरीएवढ्या उवा दिसल्या तर इलाज वेगळा. उवा नसतील आणि चट्टे खोल जात असतील तर बुरशीसारख्या जिवाचं काम, पाण्याचा पीएच आणि अल्कलिनिटी उतरलेली असते, चुना हाच पहिला इलाज, पीएच मोजून, थोडा थोडा, सकाळी. भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेचं सिफॅक्स नावाचं औषध याच रोगासाठी काढलेलं आहे, मत्स्य विभागाच्या माणसाला एक मासा दाखवून मग घ्या. नुसत्या फोटोवरून मी रोगाचं नाव सांगणार नाही.

बाटली आधीच ओतली असेल तर घाबरू नका. टाकीत ओतली असेल तर खाद्य निम्म्यावर आणा, हवा चालू ठेवा, एक चतुर्थांश पाणी बदला, हजार लिटरला एक किलो साधं मीठ विरघळवून टाका, क्लोराइड चांदीला धरतं आणि माशाची गळती पण भरून निघते. आणि पुढचे दहा दिवस अमोनिया, नायट्राइट रोज मोजा, त्यात खंड नको. तळ्यात एकदाच टाकली असेल तर काही करू नका, दुसरा डोस तेवढा टाकू नका, पहाटे एरेटर चालवा. मासे खायला चालतील का असंही कोणीतरी विचारेलच, चांदी यकृतात, कल्ल्यात, आतड्यात साठते, मांसात फार कमी जाते, साफ करून खाल्लेल्या माशाची मला काळजी नाही, पण महिनाभर विकू नका, उगाच बोलणं नको.

उघडलेल्या बाटलीचा एक घरगुती खेळ मुलीला करू द्या. खरं नॅनो सिल्व्हरचं पाणी पिवळसर ते तपकिरी असतं, चांदीचे बारीक कण निळा-जांभळा प्रकाश शोषतात म्हणून. बाटलीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ असेल तर शंका घ्या. चमचाभर घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे, दह्यासारखं पांढरं फाटलं आणि उन्हात ठेवल्यावर जांभळट-करडं झालं तर ते नॅनो वगैरे काही नाही, सरळ सिल्व्हर नायट्रेटसारखा क्षार आहे, माशाला नॅनोपेक्षा तेज. हातमोजे घाला, बोटं काळी पडतात आणि आठवडाभर जात नाहीत, माझी पडलीत. राहिलेलं ओढ्यात, विहिरीत किंवा मोरीत ओतायचं नाही, झाकण लावून बाटली दुकानात परत द्या आणि डोस कसा काढला ते त्याच्याकडून कागदावर लिहून मागा.